पायात सुई, आणि मला पत्ताच नाही

माझा पाय वाचला. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. दोन्ही पायांची सगळी बोटं जागच्या जागी आहेत, आज सकाळीच पाहिली. रोज सकाळी पाहते. आणि रोज पाहून झालं की मला असा काही आनंद होतो, की कुणाला तरी धरून सांगावंसं वाटतं. घरचे ऐकून ऐकून कंटाळले, म्हणून आता लिहायला बसले.

मी सुनंदा. आमगावात स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान. समोर कडुलिंबाखाली माझ्या नवऱ्याचं, माणिकरावांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. मी ब्लाउज शिवायचे, ते पंक्चर काढायचे, आणि दिवसभर रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर आमच्या गप्पा चालायच्या. मुलगी प्रज्ञा लग्न होऊन देवरीला गेली. घरात तिसरी म्हणजे माझी सासू. तिला आम्ही सगळे 'माय' म्हणतो. माय कानानं अगदी तयार आणि तोंडानं त्याहून.

शुगर निघाली

शुगर मला अशीच निघाली. शाळेत तपासणीचं शिबिर होतं, शेजारणी चालल्या होत्या, मीही गेले. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, आणि त्या मुलीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "काकू, घरी कोणाला शुगर आहे का?"

"माझ्या आईला होती."

"मग तुम्हालाही आहे."

एवढंच. मी घरी येऊन सांगितलं तर माय म्हणाली, "शुगर मोठ्या लोकाइले होते वो. तुले कायले होईन?"

गोळ्या मिळाल्या. काही दिवस घेतल्या. पण शुगर दुखत नाही ना! डोकं दुखलं की माणूस गोळी शोधतो. इथं काहीच दुखत नव्हतं. गोळ्या संपल्या की पुन्हा आणायला उशीर व्हायचा, मग आणखी उशीर. जेवण तर जसंच्या तसं. आमच्याकडे सकाळीही भात, संध्याकाळीही भात. पोळी पाहुणे आले की. भात कमी कर म्हणणं म्हणजे जेवू नको म्हणण्यासारखंच वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. मध्येच पायांना मुंग्या यायच्या. नंतर मुंग्याही बंद झाल्या. मला वाटलं, चला, बरं झालं! चालताना कधी चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि मी पुढे जायचे. एकदा बाजारातल्या भाजीवालीनं हाक मारून परत दिली. आम्ही दोघी खूप हसलो होतो.

लाल डाग

त्या पावसाळ्यात शाळेच्या गणवेशांचं काम जोरात होतं. मशीनची सुई मोडली, मी दुसरी बसवली आणि काम पुढे सुरू केलं. मोडलेल्या सुईचा अर्धा तुकडा सापडला, टोकाकडचा काही दिसला नाही. झाडून घेईन मग, असं म्हटलं. पायात चप्पल नव्हती. पायडलवर मी कायम अनवाणीच.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी माय दुकानात आली आणि फरशीकडे पाहून म्हणाली, "कोणत्या कपड्याचा रंग जाऊन राहिला वो? समद्या घरात लाल लाल थेंब पडले हायेत."

मी एका बाईचा लाल परकर शिवत होते. मी म्हटलं, "याचाच असेल, पावसात भिजून आला होता."

पण डाग स्वयंपाकघरात होते, न्हाणीघराच्या दाराशी होते, माझ्या खाटेजवळ होते. परकर काही माझ्याबरोबर झोपायला आला नव्हता. माय डागांच्या मागे मागे वाकून चालत गेली आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबली.

"पाय वर कर."

मी पाय वर केला. तळव्याला, अंगठ्याच्या खालच्या गादीत, एक काळं भोक होतं. भोवती सूज, आणि आतून पाण्यासारखं रक्त येत होतं. मायनं तोंडावर पदर धरला. मग ती रस्त्यापार ओरडली, "माणिक! ये माणिक! धावत ये, इच्या पायात काही तरी रुतलं हाये!"

हे आले, हात तेलानं काळे. पाय पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "दुखून नाई राहिलं का तुले?"

"नाही."

"एवढं झालं, आणि दुखून नाई राहिलं?"

"नाही हो. खरंच नाही."

त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. जखमेची नाही. ती दुखत नव्हती, याची.

लागलं का?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गोंदियाला गेलो. दवाखान्यात एक्स-रे काढला, आणि डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. माझ्या पायाच्या पांढऱ्या हाडांमध्ये एक बारीक, सरळ, चकचकीत रेघ. मी चटकन ओळखली. माझ्याच मशीनची सुई!

मग डॉक्टरांनी एक नायलॉनचा दोरा काढला. मासे पकडायच्या गळाला असतो तसा, काडीला लावलेला. म्हणाले, "डोळे मिटा. मी पायाला दोरा लावीन. लागलं की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटले. मला वाटलं, ही परीक्षा आहे, पास झालंच पाहिजे. थोडा वेळ गेला, मी म्हटलं, "हो."

पुन्हा थोड्या वेळानं, "हो."

पुन्हा, "हो, लागलं."

मी डोळे उघडले तर त्यांचा हात दोऱ्यासकट टेबलावर होता. हे भिंतीशी उभे होते, मान खाली घालून.

"ताई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा मी दोरा लावलाच नव्हता. आणि लावला तेव्हा तुम्ही गप्प होता."

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. पाय आपलाच असतो, चालतो, फिरतो, पण तिकडून काही खबर येत नाही. सुई काढावी लागेल, आतली घाण साफ करावी लागेल. हाडापर्यंत गेलं असेल तर अंगठा ठेवता येणार नाही. आणि शुगर खाली आली नाही तर पुढचं आताच सांगता येत नाही.

अंगठा! मी शिलाईवाली बाई. मशीनला वेग द्यायचा, थांबवायची, एकेक टाका हळू घालायचा, सगळं त्या अंगठ्याच्या जोरावर.

बाहेर बाकावर बसलो. हे म्हणाले, "अंगठा गेला त गेला. तू राहाशीन ना. दुकान नाई चाललं तरी चालन."

माझी समजूत काढायला बोलले बिचारे, पण माझा असा काही संताप झाला! "तुमचं दुकान नाही चाललं तर चालेल का?" मी म्हटलं. मग मी रडले, आणि त्यांनी खिशातला तेलकट रुमाल पुढे केला. तो डोळ्यांना लावावा की नको, या विचारात माझं रडणं थांबलं.

वॉर्डातली सुई

सुई निघाली. एका छोट्या बाटलीत घालून मला दाखवली. जखम उघडीच ठेवली होती, रोज धुवायची, पट्टी बदलायची. अंगठ्याचं पाहू, म्हणाले. 'पाहू' या शब्दावर किती दिवस काढले ते मला विचारा.

दवाखान्यातला दिवस ठरलेला. सकाळी बोटाला टोचणं, मग इंजेक्शन, मग पट्टी, मग डॉक्टरांची वाट. शेजारच्या खाटेवर गोंदियाचीच एक आजीबाई होती, तिचा पाय घोट्यापर्यंत काढला होता. तिला मराठी कळायचं, पण ती हिंदीतच बोलायची. मला भीतीनं जेवण जात नव्हतं, तर ती म्हणाली, "खा ले बेटी. मेरा तो किसी ने देखा ही नहीं. तेरा देख लिया ना? बस, खा ले."

तिच्या तोंडून ते ऐकून मी मुकाट्यानं जेवले. ती मला रोज जेवायला लावायची, आणि स्वतःच्या तुटक्या पायावर चादर नीट ओढून घ्यायची.

तिथल्या सिस्टर फार कामसू, सालेकशाकडच्या. एक दिवस इंजेक्शन भरून त्यांनी माझ्याच हातात दिलं. "घरी जाऊन कोण टोचणार? आजपासून तुम्हीच टोचा."

"मी?"

"तुम्ही शिलाई करता ना? मग सुईला कायले भेता?"

जन्मभर सुया हाताळल्या, पण कपड्यातून! पोटाची चिमट धरली. वाटलं, आता फार दुखेल. डोळे मिटून टोचलं, आणि कळलंसुद्धा नाही. पोटाला पायासारखं बधिरपण नव्हतं, सुईच एवढी बारीक होती. मी "झालं!" असं इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. मग संध्याकाळी मी स्वतः भरलं, स्वतः टोचलं. हे आल्यावर त्यांनाही करून दाखवणार होते, पण सिस्टर म्हणाल्या, "तमाशा नाही करायचा, वेळ झाली की टोचायचं."

एकदा मात्र जिवावर बेतलं होतं. हे रोज आमगावाहून गाडीनं डबा आणायचे. त्या दिवशी मी इंजेक्शन घेऊन डब्याची वाट पाहत बसले, आणि गाडी लेट. हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, आजीबाई दोन दोन दिसायला लागल्या. तिनंच आरडाओरडा केला. सिस्टरनं येऊन साखरेचं पाणी पाजलं, आणि हळूहळू जग जागेवर आलं. मग सिस्टरनं जे सांगितलं ते मी आजही पाळते: आधी डबा समोर उघडलेला हवा, मगच इंजेक्शन. आणि जवळ साखरेची पुडी कायम. मला तर आधी हसूच आलं. साखरेच्या आजारात साखर जवळ बाळगायची! पण त्या दिवशी साखरेनंच वाचवलं.

आणि मग ती सकाळ उजाडली. डॉक्टरांनी पट्टी काढली, पाय वळवून वळवून पाहिला, आणि म्हणाले, "हाड चांगलं आहे. अंगठा राहणार."

मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाले.

दार लावून

घरी सोडताना सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "आता डोळ्यांनी काम करायचं. पायाला कळत नाही, तर डोळ्यांनी पाहायचं. रोज. तळवा, टाच, बोटांच्या मधली जागा. माणसाला स्वतःचा तळवा नीट दिसत नाही, म्हणून आरसा घ्या, नाही तर घरचं माणूस पाहील." आणि त्यांनी ह्यांच्याकडे बोट केलं. "तुम्ही."

ह्यांचे कान लाल झाले.

घरी आल्यावर मी आरसा घेऊन प्रयत्न केला. पाय वाकत नव्हता, आरसा हलत होता, आणि माझे डोळेही शुगरनं थोडे अधू झालेले. दिसलं काय, तर छताचा पंखा. हे थोडा वेळ पाहत राहिले. मग उठून दार लावलं, हात साबणानं दोनदा धुतले, खाली बसले आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी झालं नव्हतं. मी पाय ओढून घ्यायला लागले. हे म्हणाले, "गप राहा. टायरमधून बोट फिरवतो तसं पाहून राहिलो. काटा बोटालेच सापडते, डोळ्याले नाई." आणि त्यांनी बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या कडेनं, इतक्या हळू बोट फिरवलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्पर्श कळत नव्हता. पण त्यांचं वाकलेलं डोकं, केसातली चांदी, आणि एवढं लक्ष देऊन पाहणं, हे सगळं मला दिसत होतं. गुदगुल्या होत नव्हत्या, तरी हसू येत होतं.

तेवढ्यात मायनं दार ढकललं.

"बाप्पा! बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसला! माणिक, लाज नाई वाटत तुले? शेजारच्याइनं पाहिलं त मले तोंड दाखवाले जागा राहाची नाई!"

"पाय पाहून राहिलो, माय."

"तिचे डोळे फुटले का? तिले पाहू दे!"

दुसऱ्या दिवसापासून आतून कडी लागायला लागली. आणि माय बाहेर ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुटपुटायला लागली. ती खोली काय, ते पाय काय, आणि तिचा मुलगा काय. मला वाईट वाटायचं. दोघांच्या मध्ये मी आणि माझा पाय. पण ह्यांनी एक दिवस चुकवला नाही.

वाटी आणि आकडा

प्रज्ञानं देवरीहून शुगर तपासायची छोटी मशीन पाठवली. आणि खरं सांगते, माझी खरी मजा तिथून सुरू झाली!

सिस्टरनं भात बंद करायला सांगितलाच नव्हता. वाटीनं मोजून घ्या, आधी भाजी आणि डाळ खा, मग भात, असं म्हणाल्या होत्या. मला खरं वाटेना. मग मीच पाहायला लागले. एक दिवस नेहमीसारखा ताट भरून भात आणि पातळ वरण, दोन तासांनी बोटाला टोचलं: आकडा पाहून मी मशीन उलटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी आधी लाखोरीच्या पाल्याची भाजी, घट्ट डाळ, काकडी, आणि मग एक वाटी भात. दोन तासांनी टोचलं, आणि आकडा इतका खाली की मी मशीन घेऊन लंगडत थेट रस्त्यापर्यंत गेले. "अहो! हे पाहा! हे पाहा!" रस्त्यापारचं गिऱ्हाईक घाबरलं.

"पाय टेकवून कायले आली!" हे तिकडून ओरडले.

शिव्या खाल्ल्या, पण मन नाचत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, शुगर ही आपल्यावर पडलेली गोष्ट आहे, ती वर जाते, खाली येते, आपण काय करणार. आणि आता माझ्या ताटात मी काय आधी वाढते, यावर आकडा हलत होता! मी पोह्यांवर पाहिलं, शिंगाड्यांवर पाहिलं, मुर्ऱ्यावर, म्हणजे मुरमुऱ्यांवर पाहिलं. मुर्रा किती हलका लागतो, पण माझा आकडा त्यानं भलताच चढला. मायनं विचारलं, "काऊन वो, तोंड काऊन पाडलं?" मी म्हटलं, "मुर्ऱ्यानं दगा दिला."

मायला मात्र वाटीभर भात पटत नव्हता. "एवढासा भात त मांजरबी खात नाई. अंगात ताकद कुठून येईन?" माझं लक्ष नसताना ती ताटात आणखी वाढायची. मी भांडले नाही. एक दिवस तिलाच जवळ बसवलं, तिच्या वाढण्यानंतरचा आकडा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वाढण्यानंतरचा. तिला अक्षर वाचता येत नाही, पण बाजाराचे आकडे चांगले कळतात. ती बराच वेळ मशीनकडे पाहत राहिली. पण त्यानंतर ताटात जास्तीचा भात आला नाही, आणि भाजीची वाटी मोठी झाली.

हाताचं चाक

पायावर भार द्यायचा नाही, असं सांगितलं होतं. दुकान बंद. गिऱ्हाईक बायका येऊन दारातून पाहून जायच्या. मी खाटेवर, पाय उशीवर. मला वाटायला लागलं होतं, आता या दुसऱ्या शिलाईवालीकडे जातील.

एका रविवारी ह्यांनी मशीनचा पट्टा काढला आणि चाकाला कुठून तरी आणलेली मूठ बसवली. मशीन खाटेला खेटून ठेवली. "आता हातानं फिरव."

एका हातानं चाक, एका हातानं कपडा. वाकडेतिकडे टाके आले. साड्यांना फॉल लावणं, पिशव्या, उशांचे अभ्रे, एवढंच जमायचं. पण मशीनचा तो आवाज घरात परत आला आणि मला जेवणाहून जास्त ताकद आली. गोळ्या वेळेवर, इंजेक्शन वेळेवर, जेवण वेळेवर, पाय उशीवर, आणि हात चाकावर. पाण्यात पाय घालण्याआधी पाणी किती गरम आहे ते ह्यांना हात घालून पाहायला लावायचे. घरातसुद्धा चप्पल. सुई मोडली की दोन्ही तुकडे सापडेपर्यंत काम बंद, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना.

जखम आतून वर भरत आली. आधी तिच्यात कापसाचा बोळा मावायचा, मग वातीएवढी जागा, मग नुसता ओला डाग. दिवाळीच्या तोंडावर ह्यांनी पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, आणि वाकून तळव्याकडे पाहतच राहिले.

"काय झालं? बोला ना!"

त्यांनी आरसा माझ्यासमोर धरला. या वेळी पंखा नाही, तळवा दिसला. भोकाच्या जागी गुलाबी, कोवळी कातडी. बंद! पूर्ण बंद! मी इतक्या जोरात ओरडले की माय ओट्यावरून धावत आली आणि कडी वाजवायला लागली. "का झालं? का झालं वो? दार उघडा!"

ह्यांनी दार उघडलं. मायनं तळवा पाहिला. बोट पुढे केलं, पण लावलं नाही. "जुळला," ती म्हणाली, आणि आत जाऊन चुलीपुढे बसली. चहा झाला तेव्हा तिचे डोळे लाल होते. धूर झाला, म्हणाली.

मंडई

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. पाळणे, खेळणी, मिठाई, आणि रात्री गावकऱ्यांचं नाटक असतं, त्या दंडारीची तयारी. माझ्या नणंदेच्या गावची मंडई आम्ही कधी चुकवली नव्हती. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "जा. पण बूट घालून, आणि मधून मधून पाय पाहा."

बायकांचे बूट मला अरुंद होत होते. शेवटी पुरुषांचे, पांढरे, खेळाचे घेतले. साडीखाली ते बूट! गल्लीतली एक बाई म्हणाली, "सुनंदाबाई, पोलीस भरतीले चालल्या का?" मी म्हटलं, "हो, धावून दाखवू का?"

दुपारची मंडई भरात होती. मी सगळीकडे फिरले. बांगड्या पाहिल्या, शिंगाडे घेतले, नणंदेच्या जावांशी हसले. मग हे म्हणाले, "थांब. पाय पाहू."

"इथं?"

"डॉक्टरनं सांगतलं ना."

आजूबाजूला माणूसच माणूस. मला वाटलं, कुठं तरी आडोशाला नेतील. पण आडोसा कुठं होता? हे एका झाडाच्या बुंध्याशी मला बसवून समोर उकिडवे बसले, बुटाची नाडी सोडली, मोजा काढला, आणि भर उन्हात, भर मंडईत माझा पाय मांडीवर घेतला. मी पदर पुढे ओढला. माय बाजूलाच उभी होती. मला तिच्याकडे पाहायचा धीर होईना.

तेवढ्यात ह्यांचा लहानपणचा दोस्त महिपाल आला. दंडारीत काम करतो, आवाज खणखणीत. "काऊन गा माणिक! भर मंडईत बायकोचे पाय दाबून राहिला का?"

चारजण हसले. ह्यांचा हात थांबला.

आणि माय वळली. "ये महिपाल! तुले का हासू येऊन राहिलं? माह्या सुनेचा पाय जात होता. माह्या पोरानं रोज पाहून पाहून वाचवला. तू तुह्या बायकोचे पाय कधी पाहिले का? पाहिले का, सांग बरं!"

महिपालचं हसू गेलं. ह्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा बोट फिरवायला लागले. टाचेजवळ एक लाल ठिपका होता. मग त्यांनी बूट उलटा केला, झटकला, आणि त्यातून मटाराएवढा खडा मातीत पडला. मला त्याचा पत्ताही नव्हता. किती वेळ मी त्यावर चालत होते, कोण जाणे. कातडी फुटली नव्हती. अजून थोडं फिरले असते तर फुटली असती.

महिपाल खाली बसला. तो खडा उचलून त्यानं तळहातावर घेतला, आणि या वेळी हळू बोलला. "घरवालीलेबी शुगर निघाली हाये गा. पायाले आग होते म्हणते ती. मी म्हणलं, होत असन."

"उद्या घरी घेऊन ये," हे म्हणाले. "नाई त असं पाहा." आणि ज्या माणसानं इतके दिवस कडी लावून हे केलं, तो आता माझा पाय धरून, दंडारीच्या नटाला बोटांच्या बेचक्या कशा पाहायच्या ते दाखवत होता. दोनचार बायका वाकून पाहत होत्या. मी पदर मागे सारला आणि त्यांना सांगायला लागले: चप्पल झटकून घालायची, पाणी दुसऱ्यानं पाहायचं, जखमेला ब्लेड लावायचं नाही. एकीनं विचारलं, "भात बंद केला का?" मी म्हटलं, "नाही वो! वाटीनं खाते, आणि छान खाते!"

बूट घातला, नाडी बांधली. मग मी जत्रेतल्या मोठ्या पाळण्याकडे बोट दाखवलं. "मला बसायचं."

"आता?" हे म्हणाले.

"आताच. डॉक्टरांनी चालायला जपून सांगितलंय, बसायला नाही."

मी पाळण्याच्या पेटीत बसले. शेजारची जागा रिकामी होती. माय क्षणभर पाहत राहिली, मग लुगड्याचा ओचा आवरून माझ्या बाजूला येऊन बसली आणि पाळणेवाल्यावर डाफरली, "हळू फिरव रे! बिमार माणूस हाये सोबत!"

पाळणा वर गेला. खाली सगळी मंडई, पलीकडे कापणीला आलेलं धान पिवळंधमक. माझे पांढरे बूट हवेत लोंबकळत होते. मायनं माझा हात घट्ट धरला होता आणि डोळे गच्च मिटून ती ओरडत होती, "खाली गेलो का वो? गेलो का खाली?"

"नाही माय," मी म्हटलं, "आत्ताच तर वर आलो!"